अंथरुणावरच्या आईच्या तोंडाची निगा

लकवा झालेल्या माणसाला रुग्णालयातून घरी सोडताना जो कागद हातात मिळतो, त्यावर औषधांच्या वेळा असतात, कूस कधी बदलायची हे असते, व्यायामाच्या सूचना असतात आणि पुन्हा केव्हा दाखवायला यायचे ती तारीख असते. आईला घरी आणले तेव्हा आम्हालाही असा कागद मिळाला, आणि तो मी आजही जपून ठेवला आहे. त्यात तोंडाविषयी एकही ओळ नाही. दात कसे घासायचे, कोणी घासायचे, गिळताना ठसका लागणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचे की नाही, काढून ठेवलेल्या कवळीचे काय करायचे, हे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते. जे कळले ते पुढे एका दंतवैद्य बाईंकडून, स्पीच थेरपिस्टकडून आणि रोजच्या सवयीतून. नागपुरात आज कितीतरी घरांत असे वृद्ध अंथरुणावर आहेत आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना हीच अडचण येत असणार, म्हणून जे शिकलो ते तपशिलाने लिहीत आहे.

आई सत्तरीच्या पुढची, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही जुने. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकल्यामुळे तिचा उजवा हात, उजवा पाय आणि चेहऱ्याची उजवी बाजू दुबळी झाली आणि बोलणेही जवळजवळ गेले. वरच्या जबड्यात तिची पूर्ण कवळी होती. खालचे बहुतेक दात मात्र स्वतःचे होते आणि त्यांचा तिला अभिमान होता. घरी आल्यावर आधी लक्षात आला तो वास. तो औषधांचा असेल असे आम्हाला वाटले होते. पण आमच्या मानेवाडा भागातच दवाखाना असलेल्या, आमच्या परिचयाच्या दंतवैद्य बाई आईला पाहायला घरी आल्या, त्यांनी टॉर्च लावून तिचा उजवा गाल हळूच बाजूला केला, आणि आत सकाळच्या मऊ भाताचा गोळा तसाच पडलेला आम्हाला दिसला. त्या बाजूची संवेदना गेल्यामुळे घास तिथे अडकला आहे हे आईला कळत नव्हते, आणि जीभही तिथवर पोहोचत नव्हती. जिभेवर पांढरट थर होता, ओठ फाटले होते आणि खालच्या दातांच्या मुळाशी पिवळे, टणक किटण जमले होते.

त्या दिवशी बाईंनी जे सांगितले त्याने आमची दृष्टीच बदलली. लकव्यानंतर पुष्कळ रुग्णांना न्यूमोनिया होतो आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे तोंडातील लाळ किंवा अन्नाचे कण ठसक्यासरशी श्वासनलिकेत उतरणे. तोंड अस्वच्छ असेल तर त्या लाळेबरोबर असंख्य जंतूही फुप्फुसात जातात. जपानमधील वृद्धाश्रमांत झालेला या विषयावरचा एक अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या वृद्धांचे दात जेवणानंतर नियमाने घासले जात होते, त्यांच्यात न्यूमोनियाचे प्रमाण इतरांहून कमी आढळले होते. दात घासणे ही केवळ दातांपुरती गोष्ट आहे असे मानणाऱ्या आमच्या घरात ही माहिती फार गंभीरपणे घेतली गेली. आईच्या औषधांच्या तक्त्यात त्याच संध्याकाळी माझ्या पत्नीने ‘तोंड’ असा आणखी एक रकाना आखला.

पहिली गोष्ट बसण्याची. आडव्या माणसाच्या तोंडात ब्रश घालायचा नाही, कारण सुटलेली लाळ सरळ घशाकडे जाते. आम्ही भाड्याने फाऊलर बेड आणला होता. त्याची डोक्याकडची बाजू जवळजवळ सरळ होईपर्यंत वर घ्यायची, गुडघ्यांखाली उशी द्यायची म्हणजे आई खाली घसरत नाही, आणि हनुवटी किंचित छातीकडे झुकलेली ठेवायची. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट मोकळी होते, म्हणून डोक्यामागे पातळ उशी हवीच. ज्यांना बसवणे अजिबात शक्य नाही त्यांना एका कुशीवर वळवून, गालाखाली टॉवेल ठेवून, लाळ बाहेर ओघळू द्यावी असेही बाईंनी दाखवले होते; सुरुवातीच्या काळात ताप असलेल्या दिवशी आम्ही तसेच करत असू. घासणाऱ्याने समोर उंच उभे राहू नये, कारण मग रुग्ण वर पाहतो आणि मान मागे जाते. आईच्या डोळ्यांच्या पातळीवर, तिच्या डाव्या बाजूला स्टूल घेऊन बसणे मला सर्वांत सोयीचे वाटले.

सामान थोडेच लागते. लहान डोक्याचा, अतिशय मऊ केसांचा ब्रश. तो लहान मुलांचा असला तरी चालतो. गॉझचे तुकडे, हातमोजे, टॉर्च, टॉवेल, किडनी ट्रे, थोडे पाणी आणि ओठांसाठी पेट्रोलियम जेली. टूथपेस्ट फ्लोराइडची हवी. आपल्याकडे मिळणाऱ्या पुष्कळ टूथपेस्टमध्ये सुमारे १००० पीपीएम फ्लोराइड असते आणि वेष्टनावर तसे छापलेले असते. ती वाटाण्याएवढीही नको, ब्रशच्या केसांवर नुसती पुसल्यासारखी लावायची, कारण फार फेस झाला तर तो गिळला जातो किंवा ठसका लागतो. फ्लोराइड दातांवर राहिले तर त्याचा उपयोग, त्यामुळे चूळ न भरता उरलेला फेस गॉझने टिपून घेणे हे आईसारख्या रुग्णाच्या दृष्टीने उलट सोयीचेच ठरते.

आता प्रत्यक्ष क्रम. आधी तिला सांगायचे, ‘आई, आता दात घासूया का?’ आणि तिने मान हलवेपर्यंत थांबायचे. बोलता येत नसले तरी तिला सगळे समजते, आणि न सांगता कोणी तोंडात काही घातले तर कोणीही दात आवळून घेईलच. मग ओठ ओल्या गॉझने पुसायचे. कोरडे ओठ ताणले की फाटतात. टॉर्चने उजवा गाल पाहायचा आणि अडकलेले अन्न बोटाला गुंडाळलेल्या गॉझने मागून पुढे ओढून काढायचे. हे बोट नेहमी गाल आणि दात यांच्या मधल्या जागेत राहिले पाहिजे. वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये कधीही जाता कामा नये, कारण रुग्ण मुद्दाम नव्हे तर आपोआपही चावतो आणि तो चावा फार जोराचा असतो. तोंड उघडे राहावे म्हणून दुसऱ्या ब्रशचा दांडा गॉझ गुंडाळून दातांच्या मध्ये टेकवायची युक्ती बाईंनी शिकवली. गाल अन्नाने भरलेला असताना घासायला सुरुवात केली तर ते सगळे घशात ढकलले जाते, म्हणून आधी गाल रिकामा करणे याला मी फार महत्त्व देतो.

त्यानंतर ब्रश. त्याचे केस दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या रेषेवर सुमारे ४५ अंशांनी तिरके टेकवायचे आणि जागच्या जागी हलकेच थरथरवायचे. एका वेळी दोन किंवा तीन दात, मग पुढे सरकायचे. आडवे खसाखसा घासले की हिरडी खाली सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते. आतली, जिभेकडची बाजू बहुतेक जण विसरतात आणि खालच्या पुढच्या दातांच्या नेमक्या त्याच बाजूला किटण सर्वांत लवकर धरते, कारण जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडे तिथे उघडतात आणि लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट तिथल्या मऊ थरात बसून तो थर टणक होऊ लागतो. मऊ थर ब्रशने निघतो; एकदा टणक झाला की घरी कशानेही निघत नाही आणि निघावा म्हणून खरवडूही नये. दातांच्या फटींसाठी आम्ही बारीक इंटरडेंटल ब्रश वापरतो, कारण दुसऱ्याच्या तोंडात दोरा फिरवण्यापेक्षा तो पुष्कळ सोपा जातो. शेवटी जीभ, तीही पुढच्या दोन तृतीयांश भागापर्यंतच. फार मागे गेले की उबळ येते.

असे सगळे नीट जमायला वेळ लागला, आणि सुरुवातीला आई सहकार्य करत नसे. ती ब्रश चावून धरायची, तोंड फिरवायची, डाव्या हाताने माझा हात ढकलायची. ओढाताण केली तर पुढचे कित्येक दिवस ती टॉवेल पाहूनच ओठ मिटून घेईल असे बाईंनी बजावले होते, म्हणून अशा वेळी आम्ही थांबत असू आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारत असू. खरा बदल झाला तो ब्रश तिच्याच हातात दिल्यावर. फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवली, म्हणजे तो जाड झाला आणि तिच्या डाव्या हातात बसू लागला. तिच्या हातावर माझा हात ठेवून दोघांनी मिळून घासायला सुरुवात करायची, पुढचे दात तिने घासायचे, मागचे आणि आतले नंतर मी पूर्ण करायचे, अशी वाटणी झाली. आयुष्यभर भल्या पहाटे उठून स्वतःचे आवरणाऱ्या बाईला दुसऱ्याने तोंड धुऊन देणे किती लागत असेल, हे तेव्हा माझ्या नीट ध्यानात आले.

चूळ भरण्याचा प्रश्न मात्र बरेच दिवस राहिला. आपल्याकडे खळखळून चूळ भरल्याशिवाय तोंड धुतले असे वाटतच नाही, आणि आई दात घासून झाल्यावर पेल्याकडे हात करायची. स्पीच थेरपिस्टने गिळण्याची तपासणी केली तेव्हा पातळ पाण्याने तिला ठसका लागत होता, त्यामुळे पाणी देण्यास साफ मनाई होती. तोवर ओल्या गॉझने तोंड पुसणे एवढेच हाती होते. पुढे तपासणीत सुधारणा दिसली, तेव्हा तिला पुढे वाकवून, ट्रे हनुवटीखाली धरून, चमच्याने अगदी थोडे पाणी द्यायचे आणि ते आपोआप बाहेर ओघळू द्यायचे, इतकी परवानगी मिळाली. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी ही तपासणी झाल्याशिवाय चूळ देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

सुरुवातीला घासताना हिरड्यांतून रक्त यायचे आणि ते पाहून ताईने, म्हणजे अमरावतीला असणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीने, फोनवर घासणे बंद करायला सांगितले होते. आई रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असल्यामुळे तिची भीती स्वाभाविक होती. पण हिरड्यांतून येणारे रक्त हे बहुधा तिथे साठलेल्या जंतूंच्या थरामुळे आलेल्या सुजेचे लक्षण असते आणि घासणे थांबवले तर थर वाढतो, सूज वाढते, रक्तही वाढते. डेन्मार्कमध्ये १९६५ साली हाराल्ड ल्योए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या तरुणांना काही दिवस दात घासायचे बंद करायला सांगून हे दाखवून दिले होते. दोन-तीन आठवड्यांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासायला लागल्यावर त्या पूर्ववत झाल्या. आईच्या बाबतीत मधुमेहाचीही भर होती, कारण साखर जास्त असली की हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर आटोक्यात राहणे कठीण होते. रक्तदाबाच्या अम्लोडिपिन या गोळीने काही जणांच्या हिरड्या फुगतात, हेही बाईंनी तपासून पाहिले आणि फिजिशियनशी बोलून घेतले. रक्त पातळ करणारी गोळी त्यांनी बंद केली नाही, आणि कोणी दंतवैद्याकडे जाण्यापूर्वी ती स्वतःच्या मनाने बंद करू नये, कारण त्यातून पुन्हा झटका येण्याचा धोका असतो.

टणक किटण काढण्यासाठी आईला व्हीलचेअरवरून मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला, लागून असलेल्या शासकीय दंत महाविद्यालयात नेले. दात साफ केल्याने ते हलू लागतात असे आमच्याकडील जुन्या मंडळींचे ठाम मत आहे. वस्तुस्थिती अशी आहे की किटणाखाली हाड आधीच झिजलेले असते, किटणानेच दात धरून ठेवल्यासारखा वाटतो आणि ते निघाल्यावर मूळची सैलता जाणवते. काही दिवस थंड पाणी दातांना झोंबले, इतकेच. त्यानंतर बाईंनी ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक गॉझवर घेऊन हिरड्यांना लावायला दिले, तेही दोन आठवड्यांपुरते; अधिक काळ वापरले तर दात तपकिरी होतात आणि चव बिघडते. टूथपेस्टनंतर लगेच ते लावायचे नाही, मध्ये अर्धा तास जाऊ द्यायचा, नाही तर पेस्टमधील फेसाच्या द्रव्यामुळे त्याचा गुण कमी होतो.

कवळी रुग्णालयाने प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्या हाती दिली होती आणि ती आईच्या कपड्यांत कोरडीच राहिली. कवळी कोरडी पडू द्यायची नसते, कारण तिचा आकार बदलू शकतो. शिवाय आईचे वजन घटल्यामुळे ती सैलही झाली होती आणि सैल कवळी घशात सरकण्याचे भय असते, म्हणून आतून नवे अस्तर बसवून घेईपर्यंत ती घातलीच नाही. आता रोज रात्री ती काढून, झाकणाच्या डब्यात स्वच्छ पाण्यात ठेवतो. धुण्यासाठी वेगळा ब्रश आणि साधा पातळ साबण. टूथपेस्ट नको, तिने चरे पडतात आणि चऱ्यांत जंतू बसतात. उकळते पाणी तर मुळीच नको. धुताना बेसिनमध्ये टॉवेल अंथरतो, हातातून निसटली तरी फुटत नाही. कवळीखालची टाळू लाल दिसली किंवा पुसल्यावर निघणारे पांढरे डाग दिसले तर तो बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. आईला तो एकदा झाला आणि औषधाने व रात्री कवळी काढून ठेवल्याने बरा झाला.

नागपूरचा उन्हाळा या सगळ्यावर ताण आणतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आई तोंड उघडे ठेवून झोपते आणि तिच्या काही गोळ्यांनी, विशेषतः नसांच्या दुखण्यासाठी दिलेल्या गोळीने, लाळ आणखी कमी होते. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती आम्ल धुऊन काढते आणि दातांना खनिजे परत देते. ती आटली की दात उघडे पडल्यासारखे होतात. न्यूरॉलॉजिस्टना सांगितल्यावर त्या गोळीची मात्रा कमी झाली, रात्री कूलरचा झोत आईच्या तोंडावर येणार नाही असा फिरवला आणि दर थोड्या वेळाने ओल्या गॉझने जीभ ओलवण्याचे काम सुरू झाले. ग्लिसरीनमध्ये लिंबू पिळून लावण्याचा घरगुती उपाय शेजारच्या काकूंनी प्रेमाने सुचवला होता. पण लिंबाचे आम्ल कोरड्या तोंडातील दातांना खाते, म्हणून तो केला नाही.

तेच संत्र्याचे. मृग बहाराची संत्री बाजारात आली की घरात टोपली येतेच, आणि आईला दिवसभर थोडा थोडा रस द्यावा असे प्रत्येकाला वाटते. दातावरचे कठीण आवरण तोंडातील पीएच (आम्लतेचे माप; ते जितके कमी तितके आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की विरघळू लागते, आणि हिरडी सरकून उघडे पडलेले मूळ तर त्याहून कमी आम्लातच. प्रत्येक घोटानंतर तोंड सावरायला वेळ लागतो, म्हणून दिवसभर घोट घोट देण्यापेक्षा जेवणाबरोबर एकदाच, थेरपिस्टने सांगितल्याप्रमाणे घट्ट करून द्यायचा, आणि लगेच घासायचे नाही, अर्धा तास थांबायचे. तिची आवड आम्ही बंद केली नाही, वेळ बदलली.

दिवसा आईजवळ असणाऱ्या मावशी मूळच्या भंडाऱ्याकडच्या. त्यांना सकाळी गुडाखू, म्हणजे तंबाखूची पेस्ट, दातांना घासायची सवय. आईचे तोंड रोज टॉर्चने पाहता पाहता एकदा त्यांनी स्वतःच विचारले की, आमच्या पोराचे तोंड नीट उघडत नाही, ते असेच असते का? तो ऑटो चालवतो आणि दिवसभर खर्रा खातो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी नागपुरात पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिलेला खर्रा सर्रास मिळतो. निरोगी माणसाच्या तोंडात साधारणपणे स्वतःची तीन बोटे उभी मावतात. त्याची दोनही नीट मावत नव्हती आणि गाल आतून पांढरट, ताठ झाले होते. त्याला आम्ही दंत महाविद्यालयात पाठवले. सुपारीमुळे होणारा हा आजार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो हे तिथे सांगितल्यावर त्याने खर्रा सोडला. मावशींनीही गुडाखू सोडावे यासाठी माझी पत्नी अजून प्रयत्न करत आहे आणि मला ते आईच्या शुश्रूषेइतकेच महत्त्वाचे वाटते.

बोलता न येणाऱ्या माणसाचे दातदुखणे ओळखणे हा सर्वांत अवघड भाग. गेल्या हिवाळ्यात आई डाव्या बाजूने खाईनाशी झाली, कोमट पेजेवरही तोंड आक्रसू लागली आणि रात्री हात पुन्हा पुन्हा गालाला लावू लागली. साखर आणि ताप तपासून झाल्यावर मला दाताची शंका आली. टॉर्च लावल्यावर एका दाढेच्या उघड्या मुळाशी मऊ, तपकिरी खळगा दिसला. बाई घरी आल्या आणि मशीन न लावता, हाताच्या अवजारांनी किडलेला भाग खरवडून त्यांनी ग्लास आयोनोमर हे दातात भरायचे सिमेंट भरले. ही पद्धत ऐंशीच्या दशकात टांझानियात, जिथे वीज आणि यंत्रे नव्हती तिथल्या लोकांसाठी विकसित झाली, आणि भरलेल्या पदार्थातून फ्लोराइडही झिरपत राहते. आई पूर्ण वेळ पलंगावर बसून होती आणि तिच्या डाव्या हातात मावशींचा हात होता. आता बाई दर तीन महिन्यांनी तपासायला येतात, दोन फेऱ्यांमध्ये आम्ही रोज रात्री टॉर्चने गाल, जीभ आणि टाळू पाहतो, आणि दोन आठवड्यांत न भरणारी कोणतीही जखम, गाठ किंवा डाग दिसला तर पुढच्या फेरीची वाट न पाहता त्यांना कळवायचे असे ठरले आहे.